पाणी वस्तीकडेच होतं

"साहेब, ही फुली तेवढी देवळापाशी सरकवा," सरपंच म्हणाले.

फुली म्हणजे मी चुन्यानं मारलेली खूण. तिथं बोअर घ्यायचा होता. खूण होती बौद्ध वस्तीच्या तोंडाशी, देवळापासून दोन-तीनशे पावलांवर. सरपंचांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. माणूस हसरा, पण हट्टी.

"आप्पा, देवळापाशी पाणी नाही."

"मशीन लावल्याबिगर कसं कळलं तुमाला?"

तेच तर माझं काम होतं. मी जिऑलॉजिस्ट. लातूर जिल्हा नवीनच झालेला. ऑफिसात खुर्च्या कमी आणि टंचाईचे अर्ज जास्त. चाकूरकडची गावं माझ्याकडे होती. जमिनीत चार सळया ठोकायच्या, करंट सोडायचा आणि मीटर बघायचा. भेगा असलेल्या ओल्या खडकातून करंट सहज जातो, कोरड्या पाषाणात अडतो. याला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे म्हणतात. देवळापाशी मीटरनं साफ नकार दिला होता.

"वस्तीत पंप बसला तर आमच्या बाया तिकडं जातेत का?" आप्पा म्हणाले. "तुमी फकस्त एवढंच लिवा, की तिकडं पाणी न्हाई."

गावच्या विहिरीनं तळ गाठला होता. वस्तीतल्या बायकांना त्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागरी मांडून, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून त्या ताटकळत उभ्या राहायच्या. त्यांच्यातल्या गयाबाई सर्व्हेच्या वेळी माझ्या सळया धरायला आल्या होत्या. आप्पांचं बोलणं त्यांनी ऐकलं. आप्पा गेल्यावर म्हणाल्या, "साहेब, खोटं लिवणार असाल तर आत्ताच सांगा. उगा त्या फुलीकडं बघत बसत न्हाई आमी."

खरं सांगतो, मी डळमळलो. नोकरी नवी. रिग, म्हणजे ट्रकवरचं ड्रिलिंग मशीन, दुसऱ्या दिवशी येणार आणि एकच दिवस थांबणार. भांडण झालं तर ते पुढच्या गावी जाणार आणि इथं कुणालाच थेंब मिळणार नाही.

त्या संध्याकाळी मला वडील आठवले.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. मी शाळेत असताना इस्रायलला गेलेल्या आत्याचं पत्र आलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिथले धर्मगुरू विचारत होते, तुम्ही खरे यहुदी कशावरून? मागच्या पिढ्यांचा पुरावा आणा. आमच्या सिनेगॉगमध्ये निषेधाची सभा भरली. सगळे तावातावानं बोलले. शेवटी वडील उठले. आमच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता. पूर्वी कधीतरी बाहेरच्यांशी लग्न झालेल्या घरांना 'काळे' म्हणायचे, पंगतीत लांब बसवायचे. वडील म्हणाले, "या निषेधाच्या पत्रावर मी सही करतो. पण मिसरच्या गुलामीतून सुटलो म्हणून दरवर्षी पेसाहचा सण करायचा आणि आपल्याच माणसाला लांब बसवायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?" पुढच्या पेसाहला ते आम्हा सगळ्यांना एका 'काळ्या' घरी जेवायला घेऊन गेले. दोन काकांनी वर्षभर अबोला धरला. वडिलांची झोप त्यानं उडाली नाही.

सकाळी रिग आली. मागोमाग जीपमधून आमचे डेप्युटी इंजिनियर साहेब.

"काय नवगावकर, जरा जमवून घ्या की," ते म्हणाले.

"सर, देवळापाशी बोअर कोरडा गेला तर रिपोर्टवर सही माझी आहे."

"मग करायचं काय?"

मी एक कोरा कागद घेऊन आप्पांकडे गेलो. अर्धं गाव जमलेलं होतं.

"आप्पा, तुमची हरकत असेल तर आमची जबरदस्ती नाही. फक्त ग्रामपंचायतीचं पत्र द्या. पाणी बौद्ध वस्तीत आहे, म्हणून एवढ्या दुष्काळातही गावाला पंप नको. खाली सही आणि शिक्का. लगेच रिग पुढं पाठवतो."

"हे असं कागदावर लिवायचं?"

"हो. जिल्हा नवा आहे. कलेक्टर साहेब प्रत्येक कागद स्वतः वाचतात."

डेप्युटी साहेबांना एकदम खोकला आला. आप्पांनी पेन हातात घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं. तेवढ्यात मागून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. काखेत रिकामी घागर.

"कर की सही! पर मग उद्यापून पाणी तूच आणायचं बग. माझे पाय ऱ्हायले न्हाईत."

बायका फिसकन हसल्या. मग पुरुष हसले. शेवटी आप्पाही हसले, पण उशिरा.

"लावा मशीन," ते म्हणाले.

आधी नुसता करडा धुरळा उडाला. दुपारी तो चिखल झाला आणि एकशे चाळीस फुटांवर पाण्याचा फवारा ड्रिलरच्या डोक्यावरून गेला. गयाबाई नखशिखांत भिजल्या आणि हलायला तयार होईनात. आठवड्यानं हातपंप बसला. पहिली घागर त्यांनीच भरली. तिसऱ्या नंबरला आप्पांची आई होती. काही घरं महिनाभर तिकडं फिरकली नाहीत. मे महिन्यात तीही रांगेत आली. विहिरीवरची मनाई सुटायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली, हेही सांगितलं पाहिजे.

पुढं माझ्या हाताखाली ज्युनियर्स आले. त्यांना सळया ठोकायला शिकवलं, तसं हेही शिकवलं: चुकीचं काम कुणी तोंडी सांगितलं तर वाद घालू नका. अदबीनं म्हणा, लिहून द्या.