भोंगा आणि अंबाडीची भाजी

हसायचं न्हाई असं कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुमी हसणारच. ऐका!

आमी सेलूत राहतो. मी मास्तर, बायको पण मास्तरीण, म्हणून दिवसभर घराला कुलूप. शेजारी, एका भिंतीआड, शांतामावशी एकटीच राहते. आमच्या घराची एक किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडं. काही चांगलंचुंगलं केलं, की वाटी आमच्या ओट्यावर झाकून ठेवून जाते.

मधी गल्लीत चोरी झाली आणि मला हुक्की आली. दार उघडलं की बोंबलणारे बिनतारी भोंगे आणले! एक आमच्या दाराला, एक मावशीच्या. दोन घरांना दोन रिमोट.

"मावशी, आता निवांत झोप. माझी जिम्मेदारी!" मी छाती फुगवून म्हणलो.

आमचा भोंग्याचा डबा मात्र लय येडपट. रात्री जेवायला बसलो, की आपोआप 'टुं' करून चालू व्हायचा. मी रिमोट दाबून गप करायचो. नवं यंत्र हाय, बसेल हळूहळू!

एका संध्याकाळी शाळेतून आलो, तर ओट्यावर झाकलेली वाटी.

"आपला भोंगा चालू असताना कुणीतरी घरात शिरलं!" मी ओरडलो.

बायकोनं झाकण काढलं. "हाव की. अंबाडीची भाजी करून गेलाय चोर. लसणाची फोडणी बी दिलीय."

मावशीला गाठलं. "आत कशी गेलीस? भोंगा वाजला न्हाई?"

"वाजला की मेला! मग मी माझं बटन दाबलं. बसला गप."

"तुझं बटन? माझ्या घराला?"

"मला काय ठाऊक, बाबा. तूच दिलंस."

तिच्या दारात उभं राहून मी माझा रिमोट दाबला. तिचा डबा 'टुं' करून चालू! दोन्ही रिमोटचा कोड एकच. म्हणजे रात्री मावशी तिचा भोंगा लावायची, तेव्हा माझा चालू व्हायचा. आणि मी माझा बंद केला, की तिचाही बंद! एकटी म्हातारी माझ्या शब्दावर झोपायची. काही झालं असतं म्हणजे? मला खरंच रडू आलं हो.

"मावशी, चुकलो. रोज रात्री तुझा भोंगा मीच बंद करायलो होतो."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "येडा हायस का? त्या डब्याच्या भरोशावर कोण झोपतंय! भिंतीपल्याड तुझं घोरणं सुरू झालं, की मी निवांत डोळे मिटते. एवढ्या आवाजात कोण चोर येईल, बाबा?"

बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "आन् मावशी, ते घोरणं बंद करायचं बटन कुठल्याच रिमोटवर न्हाई. मी लय शोधलं!"