मासळीवालीची पाटी

पेणच्या आमच्या आळीत सांगतात की मासळीवालीच्या शिळ्या बोंबलांनी माझी मांजर मनी आजारी पडली. हे साफ खोटे आहे. ती बाई प्रत्येक मासा आधी स्वतः हुंगते आणि शंका आली तर विकत नाही. त्या सकाळी तिने मनीच्या बशीतला तुकडाही हुंगला.

"काका, परवा घेतलेलं म्हावरं ना ह्ये? काल दिवसभर लाईट नव्हती. तुमच्या फ्रिजात नासलंय."

मी वाद घातला. तिने सगळी मासळी माझ्या ओटीवर ओतली आणि रिकाम्या पाटीत मनीला ठेवले.

"भांडा मागनं. आधी डाक्तरकडं चला."

पाटीला ताज्या मासळीचा वास होता, तरी मनीने नाकही हलवले नाही. ते पाहून ती चप्पल न घालताच निघाली.