कुलपावरचं नाव

आमच्या बँकेच्या टोकियो शाखेत, पाहुण्यांच्या खोलीत, एक मेज होतं. फ्रान्सच्या राजासाठी अठराव्या शतकात जे मेज घडवलं गेलं, त्याची पॅरिसमध्येच शंभरेक वर्षांनी केलेली ही नक्कल. वळणदार पाय, सोनेरी मुलाम्याची वेलबुट्टी, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून जडवलेली फुलं. आमच्या शाखाप्रमुखांनी ते लिलावात घेतलं आणि त्या दिवसापासून ते 'राजाचं मेज' झालं. राजाने आमच्याकडे खातं उघडायचं तेवढं राहिलं होतं.

दसऱ्याला सरांनी त्याची पूजा केली. ओल्या कुंकवाची पाच बोटं थेट लाकडावर ओढली. डाग बसला. तो काढायला मी ओजिमातल्या माझ्या घराजवळच्या एका वृद्ध कारागिरांना बोलावलं. जपानी येतं म्हणून दुभाषाही मीच.

त्यांनी खण उघडला आणि कुलपाच्या पट्टीवर टॉर्च धरला. तिथे ही नक्कल बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. म्हातारबुवा हरखले. "नक्कल आहे, पण हात बघा! आणि यानं स्वतःचं नाव लपवलेलं नाही."

मी उत्साहाने भाषांतर केलं. सर गोरेमोरे झाले.

"ते नाव घासून टाकायला सांग."

"सर, पण त्या माणसाची खूण तेवढीच..."

"अरे, पुढच्या आठवड्यात जपानी डेलिगेशन येतंय. कोणी खण उघडला तर? तू सांग त्याला."

मी सांगितलं. अगदी आदरार्थी, घोटीव जपानीत. त्या सफाईची मला आजही लाज वाटते.

कारागिरांनी टॉर्च विझवला. "हे माझ्या हातून होणार नाही," म्हणाले. डाग मात्र पूर्ण काढला, हत्यारं एकेक पुसून कापडात गुंडाळली आणि गेले.

"भाव खातोय," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी शंभर येनच्या दुकानातून कानस आणून त्यांनी ते काम स्वतः उरकलं. धातूचा कीस फुंकरीने उडवला.

मला संताप आला तो खोटेपणाचा नव्हे, खोटेपणा बँकेत अंगवळणी पडतो. पण राजाने त्या मेजात एक खिळाही ठोकला नव्हता. ज्याने महिनोन् महिने डोळे फोडून ती फुलं बसवली, त्याचं नाव नको, आणि ज्याने मूळ मेजासाठी फक्त हुकूम सोडला तो हवा! आपण हत्याराला हार घालतो, हत्यार धरणारा मात्र आपल्याला खुपतो.

डेलिगेशन आलं. "सांग, राजाच्या काळातलं आहे," सर माझ्या कानाशी म्हणाले.

मी जपानीत सांगितलं, ही नक्कल आहे, एकोणिसाव्या शतकातली, उत्तम. बनवणाऱ्याचं नाव कुलपावर होतं, ते आम्ही घासून टाकलं. सर प्रसन्नपणे मान डोलावत होते. पाहुण्यांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थांनी वही काढून ते नाव विचारलं.

मी ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.