तेलुगूत दिलेली साक्ष

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्यांचं नाव सुगुणम्मा. सगळे त्यांना टीचरम्मा म्हणत, मीही तेच म्हणे. आज मी बी.ए. आहे, दोन भाषांत अर्ज लिहितो, चार माणसांत खुर्चीवर बसतो, ते त्यांच्यामुळे. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणू नये.

मंचेरियलला एका हॉलमध्ये सभा होती. तुरुंगातून सुटलेल्यांना हात देणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेची वार्षिक सभा. मी त्या संस्थेच्या वसतिगृहात राहत होतो आणि तिथलीच कारकुनी करत होतो. त्या वर्षी मी पदवीधर झालो म्हणून माझा सत्कार ठेवला होता. आंध्राच्या हद्दीतल्या तलमडुगूकडच्या आमच्या मराठी गावाहून मी मायला बोलावून घेतलं होतं. ती पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर दोन्ही हातांनी धरून.

संस्थेचे सेक्रेटरी माईकवर आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेलुगूत म्हणाले, "हा आमचा चोर. आता बी.ए. झालेला चोर. स्टेजवर आलाय, बायकांनी आपापल्या पर्स सांभाळा."

हॉल हसला. चर्चचे पाळक हसले. पाहुणे हसले. मायला तेलुगू येत नाही. सगळे हसतात म्हणून तीही हसली. माझ्याकडं बघून, कौतुकानं.

आमचं घर बौद्ध. बाप मी लहान असतानाच गेला. माय गावच्या पटेलांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाई. मी मराठी शाळेतून दहावी झालो. घरातला पहिलाच. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आमच्या वस्तीत बोरिंग नव्हतं. मी तहसीलला दरखास्त लिहिली, वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. पटेलांना ते आवडलं नाही. पंधरवड्याच्या आत त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि शिपाई माझ्या दारात आले.

ठाण्यात एक तेलुगू कागद पुढं आला. मला तेलुगू वाचता येत नव्हतं. मार खाऊन झाल्यावर मी खाली मराठीत सही केली.

अकरा महिने कच्चा कैदी म्हणून आत होतो. जामीन राहणार कोण?

टीचरम्मा त्या संस्थेकडून दर गुरुवारी जेलात येत. निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत साबण, पोस्टकार्डं आणि पाटी. मला त्यांनी पहिल्या दिवशी हाक मारली, "नान्ना, इधर बैठो." तेलुगूत लेकराला मायेनं नान्ना म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला तेलुगू अक्षरं शिकवली, पुढच्या परीक्षेची पुस्तकं आणून दिली. त्यांचा एक नेम होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. "मैं किसी से गुनाह नहीं पूछती. वो उसका और परमेश्वर का मामला है."

मी ढसाढसा रडलो. तोवर मला सगळ्यांनी तेच विचारलं होतं, हातात दांडा घेऊन. न विचारणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं.

कोर्टात पटेलांचा साक्षीदार फिरकला नाही. पुराव्याअभावी सुटलो. पण गाव मला सोडायला तयार नव्हतं. मायला पाणवठ्यावर चोराची माय म्हणत, घागर भरू देत नसत. पटेलांनी काम बंद केलं. ती दोन कोस चालत दुसऱ्या गावी कापूस वेचायला जाई. मला कोणी उभं करत नव्हतं. तेव्हा टीचरम्मांनी मंचेरियलला नेलं. खोली दिली, काम दिलं, बाहेरून बी.ए.ला बसवलं.

पहिली साक्ष नार्नूरला होती. साक्ष म्हणजे सभेत उभं राहून आपलं पाप आणि आपलं बदलणं सांगायचं. जाताना जीपमध्ये पाळक म्हणाले, "मोटार चोरली ते नीट सांग."

मी म्हणालो, "अय्यगारू, मी चोरली नव्हती."

ते हसले. "आतले सगळे हेच म्हणतात. पापच नाही तर उद्धार कशाचा रे?"

मी टीचरम्मांकडं बघितलं. त्या बाहेर बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सांग नान्ना. तुझ्याकडं बघून दहा पोरं सुधारतील."

सांगितलं. तेलुगूत. पाढे म्हटल्यासारखं. मला ती भाषा माझी वाटत नव्हती, म्हणून ते पापही माझं वाटत नव्हतं. लोक रडले. एका म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग गावोगाव नेऊ लागले. गोष्ट वाढत गेली. मोटारीच्या जोडीला बैल आले, ते पाळकांनी घातले. पुढं एक सुरी आली. सुरी मी घातली. हे लपवणार नाही. ती सुरी आली की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येई, आणि परत जाताना जीपमध्ये मला पुढची जागा मिळे. संस्थेच्या पुस्तिकेत माझा फोटो छापला. खाली लिहिलं होतं, आधी चोर. ते मी स्वतः वाचलं. वाचता येत होतं आता.

मायला पत्रात लिहिलं, मला इथं सभेत बोलायला उभं करतात. तिनं ते शाळेतल्या एका पोराकडून वाचून घेतलं आणि गावभर सांगितलं, "माहा पोरगा भाषण देते."

सहा वर्षं असं चाललं. आणि आता ती पहिल्या रांगेत होती.

हसणं थांबल्यावर चंद्रपूरकडून आलेले एक पाहुणे उठले. सीमेवरच्या खेड्यांतले तीस-चाळीस मराठी लोक त्या दिवशी ट्रकनं आणले होते. पाहुणे म्हणाले, "आजची साक्ष मराठीतून होऊ द्या. या लोकांना समजेल." सेक्रेटरींनी माईक माझ्या हातात दिला.

मायनं खुर्ची थोडी पुढं ओढली. पोराचं भाषण तिला पहिल्यांदाच समजणार होतं.

मी म्हणालो, "मी."

पुढचा शब्द येईना. तेलुगूत तो कितीदा तरी आला होता. मराठीत तो शब्द म्हणजे पाणवठा. मराठीत तो शब्द म्हणजे मायची रिकामी घागर. पाळक मागून कुजबुजले, "मोटार. मोटारीपासून सुरू कर."

मी म्हणालो, "मी चोरी केली नाही. कधीच केली नाही. कोर्टानं मला सोडलं आहे. सहा वर्षं मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

मराठी लोकांनी माना वर केल्या. बाकीचे एकमेकांना विचारू लागले, काय म्हणाला? सेक्रेटरींनी माईक काढून घेतला. मुलगा भावनेच्या भरात आहे, असं काहीसं बोलले आणि गाणं सुरू करायला सांगितलं.

स्टेजमागं ते मला म्हणाले, "इतकं केलं तुझ्यासाठी. हे फेडलंस? उद्या खोली रिकामी कर."

पाळक म्हणाले, "हा गर्व आहे. डिग्रीचा गर्व."

टीचरम्मा शेवटी आल्या. डोळे भरलेले. एवढंच म्हणाल्या, "आजच का, नान्ना?"

मी मायकडं निघालो.

मायला बसस्टँडवर घेऊन गेलो. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "पयले काऊन हासले होते रे ते समदे?"

मी सांगितलं.

"मीबी हासली," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन् तू सहा वर्सं काय सांगून राह्यला होता?"

तेही सांगितलं. बैल सांगितले. सुरी सांगितली.

तिनं गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा आवळून बांधली.

"ज्यानं ज्यानं तुले चोर म्हनलं त्याच्यासंगं मी भांडली. सख्ख्या भावासंगं भांडली. त्याच्या पोरीच्या लग्नाले गेली नाही. त्याचं तोंड पाह्यलं नाही अजून. अन् तू इथं माईकवर सोताच म्हनत होता."

"माय, मले रायाले जागा नोती."

"मले होती का?"

मी तिचं गाठोडं उचलायला वाकलो. तिनं ते ओढून घेतलं. "हात नको लावू आता." बस लागली. ती चढली, खिडकीशी बसली. बस निघेपर्यंत मी खाली उभा होतो. तिनं बाहेर बघितलं नाही.

आठ दिवसांनी मी टीचरम्मांना पत्र लिहिलं. तेलुगूत. त्याचं मराठी असं:

टीचरम्मांना नमस्कार.

मी खोली सोडली. एका वकिलाकडं कागद नकलण्याचं काम मिळालं आहे. काळजी करू नका.

तुम्ही विचारलंत, आजच का. कारण माय समोर होती. ती नसती तर मी त्या दिवशीही सुरी दाखवली असती. मी काही शूर नाही.

अकरा महिने तुम्ही दर गुरुवारी आलात. तू केलंस का, असं एकदाही विचारलं नाहीत. मी त्याला माया समजलो. माया होतीच. पण ज्याला विचारतसुद्धा नाहीत, त्यानं केलंच असं आधी धरलेलं असतं. पोलिसांनी धरलं, पटेलांनी धरलं. तुम्हीही धरलंत, फक्त मऊ हातानं.

तुम्ही जेलात जाणं सोडू नका. त्या बराकीत आजही कच्चे कैदी असतील. त्यांना साबण द्या, अक्षरं द्या. पण आधी विचारा. कुणी नाही म्हणालं तर त्याचं नाही लिहून घ्या आणि वकिलाला द्या. मी ज्यांच्याकडं आहे ते वकील बघतील. मी त्यांना विचारलं आहे.

ज्या गावांत मी साक्ष दिली त्यांची यादी केली आहे. नऊ गावं आहेत. दर रविवारी एका गावी जाणार. उपासना सुटताना दारात उभा राहून सांगणार की मी तुमच्याशी खोटं बोललो. पहिलं नार्नूर. ती म्हातारी असेल तर तिला वेगळं सांगीन. शेवटी, माय माझ्यापायी ज्याच्याशी भांडली त्या मामाच्या दारात जाईन. माय अजून माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं म्हणून मी हे करत नाही. ती कधीच बोलली नाही तरी करणार.

पुस्तिकेतला माझा फोटो काढून टाकायला सांगा. नाही काढला तर सुटकेचा कागद घेऊन मी संस्थेच्या दारातही उभा राहीन. तिथं तुम्ही असाल. तुमच्या तोंडावर 'मी चोर नाही' म्हणणं मला जड जाईल. तरी म्हणेन.