सुमनमावशीला न सांगितलेलं वाक्य

सुमनमावशी सिनेमा बघताना नटनट्यांचे चेहरे बघत नसे, हात बघे. "तोंडाला खोटं बोलायची सवय असते गं, हातांना नसते," म्हणायची. दिनकरकाका चिडवायचे, "हिला हिरो नको, हिरोची नखं दाखवा."

वाशीला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये ही दोघं राहत. मूलबाळ नव्हतं. काकांच्या पानातल्या माशाचे काटे ती अजून आपल्या हाताने काढून देई. आणि चार वाजले की जिन्याकडे कान लावून बसे. फरीदा यायची. ती उरणची, तळमजल्यावर शिवणाचा क्लास घ्यायची.

"हे नसले की घास उतरत नाही, आणि ही आली नाही की दिवस सरत नाही. सांग, काय करायचं माझ्यासारखीनं?" मावशी मला हसत विचारी. मी अठरा वर्षांची, कॉन्व्हेंटमधली, अबोल. माझ्यापुढे बोललेलं कुठे जात नाही, असं सगळे धरून चालत.

त्या वर्षी फरीदाच्या भावाने तिचं लग्न कुवेतला ठरवलं. मावशी कणीक मळता मळता म्हणाली, "ती जायच्या आधी तिला एक सांगायचंय. शब्दच सापडत नाहीत बघ."

पुढच्या रविवारी दुपारी मावशीकडे भाड्याचा व्हीसीआर आला. हिंदी कॅसेटांबरोबर एक इंग्रजी होती. "आपला दुभाष्या आहे ना!" म्हणत काकांनी मला पुढे बसवलं. सिनेमातली बाई नवऱ्यावर जीव टाकत होती आणि मैत्रिणीवरही, अगदी तसाच. मला लगेच कळलं.

"ह्या दोघी कोण गं?" आईने विचारलं.

"बहिणी."

"अशा बहिणी मी नाही पाहिल्या," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. तिच्या शेजारी फरीदा बसली होती.

शेवटी मैत्रीण गाव सोडून निघते. बंदरावर ती बाई तिला म्हणते, "त्याच्यावर माझं प्रेम आहे आणि तुझ्यावरही. यातलं एकही खोटं नाही. जाऊ नकोस." सगळे माझ्याकडे बघू लागले. आईही. मी म्हणाले, "ती म्हणते, पत्र पाठवत जा."

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याकडे आली. आई बाजारात गेली होती.

"खरं सांग. एवढी रडली ती, आणि एवढंच म्हणाली?"

"हो. एवढंच."

काल आईचा धाक तरी होता. आज तोही नव्हता. ते वाक्य मराठीत माझ्या तोंडून निघालं तर मीच बोलल्यासारखं होईल, एवढीच भीती.

जायच्या दिवशी फरीदाची टॅक्सी फाटकाशी लागली. ती मावशीसमोर येऊन थांबली. "बोल ना, सुमन."

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "पत्र पाठवत जा," म्हणाली.

फरीदाने मान डोलावली. मग गाडीत बसली. ते वाक्य ऐकून ती थांबली असती असं नाही. पण सोबत घेऊन गेली असती.

पत्रं आली. मावशी उत्तर लिहून पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायला माझ्याकडे आणी. "वाच हवं तर, तुझ्यापासून काय लपवायचं?" म्हणे. मी न वाचता पाकीट चिकटवून देई.

दोन वर्षांनी काकांची नागपूरला बदली झाली. निघताना मावशी आईला म्हणाली, "तुमच्या पोरीचा मला फार आधार झाला हो."

मी नमस्काराला वाकले, आणि लवकर मान वर उचलली नाही.