पट्टीखालची पावलं

कवळीमास्तरांना खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. बाकी सगळी गल्ली त्यांना कवळीमास्तरच म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दातांच्या तीन डॉक्टरांकडून त्यांच्याकडे लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे. मास्तर त्यात प्लॅस्टर ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, वरचा जबडा खालच्यावर टेकवून मध्ये निळा कागद धरून बघायचे, आणि केसाएवढा उंचवटा राहिला तरी घासून काढायचे. तीस वर्षं लोकांची तोंडं अशी नीट बसवली, पण स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली की संपलं! घरात पाऊल टाकलं की मिठाची गुळणी. "भाजी कशी झालीय?" "हं." "दार लावलंत का?" "हं." लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला वाटलं, नवरा लाजतोय. पाचव्या वर्षी तिला कळलं की हे लाजणं नव्हे, हा स्वभाव आहे, आणि याला औषध नाही.

ती बुटांच्या दुकानात कामाला होती. बावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पायाशी गुडघा टेकून बसायचं, बूट चढवायचा, अंगठा कुठपर्यंत येतोय ते बोटाने दाबून बघायचं, उठायचं, दुसरा खोका आणायचा, परत बसायचं. "चपलेचा तळ दाखवा," ती म्हणायची, "माणूस घरी भांडून निघालाय की हसत, ते सांगते." दुकानात ती अखंड बोलायची. कारण उघड होतं, घरी बोलायला कोणी नव्हतं. मुलगी लग्न करून लांब गेली होती, तिचा फोन रविवारी यायचा.

आता मास्तर माणूस वाईट होते का? मुळीच नाही. कमाई हातावर आणून द्यायचे, आवाज चढवायचे नाहीत. पण एक खोड अशी की चूक दाखवलेली खपायची नाही. एकदा मेहुण्याने बुद्धिबळात "अहो, घोडा असा नाही चालत" म्हटलं, तर पट जो माळ्यावर गेला तो कायमचा. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बंद.

मान आखडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि कुणीतरी मास्तरांच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. बागेत एक म्हातारा चिनी गुरुजी, ढगळ पांढरी विजार, हातात लांब तलवार, आणि चाल इतकी संथ की मास्तरांना आधी वाटलं फोन अडकलाय. त्याला ताई ची म्हणतात हे कळल्यावर शेजारचे काका म्हणाले, "कोणाच्या ताईची?" आणि स्वतःच पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांना ते आवडलं होतं. गुरुजी चिनीत काय सांगत होते त्याचा एक शब्द कळत नव्हता, पण हिरडीचा साचा तरी कुठे बोलून सांगतो? बघायचं आणि बसवायचं.

व्हिडिओ कुणीतरी कुठूनतरी उचलून परत टाकलेला होता, आणि टाकणाऱ्याने खाली स्वतःच्या जाहिरातीची जाडजूड लाल पट्टी चिकटवली होती. फोन नंबरच फोन नंबर. गुरुजींची पावलं त्या पट्टीखाली गेलेली. वर विजार ढगळ, त्यामुळे गुडघा कुठे वळतोय तेही दिसायचं नाही. मास्तरांनी हात बघून पाय ताडले.

रोज सकाळी सहाला टेबल भिंतीला सरकायचं, व्हिडिओ टीव्हीवर लागायचा. आठवड्याभराने बायको मागे येऊन उभी राहिली, सहज, मजा म्हणून. आणि मास्तर चक्क बोलले. "खांदे सोड. श्वास धरू नकोस. हां, अस्सं." तिला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिकवायचं म्हटलं की या माणसाला वाचाच फुटायची. तासभर शिकवून झालं की चहा, आणि चहाबरोबर गप्पा. लहानपणी विहिरीत पडल्याची गोष्ट त्यांनी तिला तेव्हा सांगितली. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "आणि मला आज कळतंय की तुम्हाला पाण्याची भीती वाटते! धन्य आहे तुमची." मास्तर लाजून हसले. त्या दिवशी ती दुकानात गाणं गुणगुणत गेली.

चिनी नावं कळत नव्हती म्हणून तिने प्रत्येक हालचालीला आपलं नाव ठेवलं. 'वरच्या फळीवरचा खोका'. 'गिऱ्हाईक दारापर्यंत'. 'मालक आला, सरळ उभं राहा'. मास्तर शिकवताना तीच नावं घ्यायचे, अगदी गंभीर चेहऱ्याने. तलवारीच्या जागी तिने आधी दुकानातली बूट चढवायची लांब पट्टी आणली. मग मास्तरांनी दोन लाकडी तलवारी केल्या, कवळ्या चमकवायच्या यंत्रावर त्यांना आरशासारखी झिलई दिली, आणि तिच्या तलवारीला कवळीच्याच मसाल्याची मूठ केली, गुलाबी, हिरडीच्या रंगाची. "इश्श," ती म्हणाली, "मला चावेल ही." पण दुकानात सगळ्यांना फोनवर फोटो दाखवून झाला.

दुसऱ्या महिन्यात वळायचा भाग आला. सगळं वजन एका पायावर घेऊन अंग फिरवायचं. तिने दोनदा केलं आणि थांबली. पायांतलं तिला कळत होतं हो, जन्म त्यातच गेला होता.

"अहो, यांची पावलंच दिसत नाहीत. वळताना आधी पाऊल फिरत असणार, मग गुडघा. नाहीतर गुडघ्याला पीळ बसतो."

मास्तरांनी टीव्ही बंद केला. "मग तूच शिकव," एवढं म्हणाले, टेबल जागेवर ओढलं, आणि झालं. अकरा दिवस! मीठ हवं असलं तर बोटाने दाखवायचे. चहा दोघांचा, पण ती एकटीच प्यायल्यासारखी. सव्वीस वर्षं तिने हे गप्प घर सोसलं होतं, पण मधला एक महिना त्यात माणसाचा आवाज ऐकून बसली होती ना, आता तिला ते सोसेना. बाराव्या दिवशी सकाळी तिने स्वतः टेबल सरकवलं, तलवार हातात घेतली आणि म्हणाली, "चला. तुम्ही म्हणाल तसं."

मास्तर म्हणाले तसंच मग चार वर्षं चाललं.

तिसऱ्या वर्षापासून ती उठताना भिंत धरायला लागली. मास्तरांनी विचारलं तर "दुकानात उठबस फार होते" म्हणाली. ते पटण्यासारखंच होतं. गुडघा सुजायचा, ती रात्री शेकायची, सकाळी परत उभी. मास्तर काळजीने म्हणायचे, "अजून जरा खाली बस वळताना. सांधा मोकळा होईल." आणि ती अजून खाली बसायची. हे वाक्य पुढे मास्तरांना जेवताना आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

एक दिवस दुकानात ती एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसली ती उठलीच नाही. गिऱ्हाईक बिचारं एका पायात बूट घालून मालकाला हाका मारत पळालं. दोघांनी उचलून तिला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, आतली गादी फाटलीय आणि झिजलीयही. "गुडघ्याला पीळ बसेल असं काही करत होतात?"

मास्तर शेजारीच उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "स्टुलावरून पडले होते," ती म्हणाली. "दुकानात. बरेच दिवस झाले."

मास्तरांना तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. पडली, आणि मला बोलली नाही! ऑपरेशन झालं. यापुढे खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पीळ बसणाऱ्या व्यायामाचं तर नावच नको, असं डॉक्टरांनी बजावलं. दुकानाचा मालक भेटायला आला आणि चार वेळा म्हणाला, "आता तुम्ही आराम करा." चौथ्यांदा तिला अर्थ कळला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलात झोपली होती आणि मास्तर बाहेर बाकावर फोन घेऊन बसले होते. बसल्या बसल्या करता येईल असं काही मिळतंय का, ते शोधत होते. तिला निदान हात तरी शिकवू, असा विचार. शोधता शोधता तेच गुरुजी समोर आले. तीच बाग, तीच तलवार. पण हा मूळ व्हिडिओ होता, याला पट्टी नव्हती. गुरुजींच्या पायांत काळे कापडी बूट होते. चार वर्षांत मास्तर ते पहिल्यांदा बघत होते. मागून एक कुत्रं निवांत चालत गेलं. तेही इतके दिवस पट्टीखाली होतं.

वळायचा भाग आला. गुरुजींनी वजन मागे नेलं, चवडा हलकेच फिरवला, मग गुडघा, मग अंग. आधी पाऊल.

मास्तरांनी पुन्हा बघितलं. पुन्हा. मग उठले, तिथेच कॉरिडॉरमध्ये, गुडघ्यावर हात ठेवून आपल्या पद्धतीने वळले. हाताखाली सांधा पिळला गेलेला स्वच्छ कळला. मग पाऊल आधी फिरवून वळले. काही नाही, लोण्यासारखं. त्यांचाही गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, पण ते दिवसभर बसून काम करायचे आणि ती दिवसभर गुडघ्यावर. ते मटकन बाकावर बसले. समोरून जाणाऱ्या नर्सने "काका, बरं वाटत नाहीये का?" विचारलं.

ती जागी झाल्यावर ते आत गेले. जन्मात न बोललेलं वाक्य बोलायचं होतं, तीनदा घसा खाकरला.

"माझं चुकलं. मी तुला चुकीचं शिकवलं. तुझा गुडघा मी घालवला." आणि फोन पुढे केला.

तिने शांतपणे बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाली, "आता डावीकडून कुत्रं येईल."

कुत्रं आलं.

मास्तरांनी फोन खाली केला. "तू... हा तू बघितलायस?"

"अडीच वर्षं झाली." ती उशीला टेकून बसली. "जेवणाच्या सुट्टीत सापडला. मागे खोक्यांच्या खोलीत रोज करायचे मी. आधी पाऊल, मग गुडघा. तसं केलं की काही दुखायचं नाही हो."

"आणि घरी?"

"घरी तुम्ही सांगाल तसं."

"अगं, मग मला सांगायचं नाही?" मास्तरांचा आवाज फुटला.

"सांगितलं होतं की एकदा." ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "अकरा दिवस मोजलेत मी. तेव्हा नुसता महिनाच झाला होता तुम्ही बोलायला लागून. नंतर तर किती बोलायचात. आईबद्दल बोललात, त्या विहिरीबद्दल पुन्हा बोललात. मी म्हटलं, पुन्हा चूक दाखवली आणि हा माणूस पुन्हा बंद झाला, तर मी काय करू? गुडघा थोडा दुखेल, दुखू दे. एवढा जाईल असं नव्हतं वाटलं."

मास्तर खिडकीकडे तोंड करून रडले. तिने हात पुढे केला होता, पण तो त्यांना दिसला नाही.

घरी आल्यावर त्यांनी व्हिडिओ पुसले, दोन्ही तलवारी माळ्यावर टाकल्या. सकाळी सहाला जाग यायचीच. ते तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि बोलायचं ठरवायचे. मनात वाक्यं जुळवायचे, जिभेपर्यंत आणायचे, आणि तिचा पट्ट्यांनी बांधलेला पाय दिसला की सगळं गिळून टाकायचे. आता हा राग नव्हता, लाज होती. पण पलंगावरून ऐकणाऱ्याला काय फरक? घर तसंच गप्प. ती म्हणाली, "बसून हात तरी शिकवा." त्यांनी मान हलवली, नाही. ती म्हणाली, "कामावर काय चाललंय?" "हं," म्हणाले.

असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर एका सकाळी तिचा बांध फुटला. ऑपरेशनलाही रडली नव्हती ती.

"गुडघ्याचं मला काही नाही हो. गेला तर गेला. पण आपली सकाळ पण गेली ना. ती राहावी म्हणून तर मी..." पुढचं तिला बोलवेना.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. आत केवढं तरी होतं, आयुष्यभराचं, ते सगळं एकदम दाराशी आलं आणि अडकलं. ती डोळे पुसायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पाणी..." मास्तर म्हणाले. "पाणी देऊ?"

तिच्या हाताशी भरलेला ग्लास होता. तिने तो हळूच औषधांच्या डब्यामागे सरकवला आणि म्हणाली, "द्या."