टिकली लावलेला फोन

डिप्लोमाला माझं नाव लागलं ताथवड्याच्या कॉलेजात, पण पहिलं वर्ष भरलं आमच्या महाळुंग्याच्या पत्र्याच्या खोलीत. लॉकडाऊन उठून कंपन्या सुरू झाल्या होत्या, कॉलेजं बंदच होती. ‘घरबसल्या दर्जेदार शिक्षण’ असं पत्रक आलं होतं. बसायला घर होतं, दर्जाचं बघू म्हटलं. फोन मात्र घरात एकच, तो पप्पांचा.

पप्पा ठेकेदाराकडून कंपनीत कामाला. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसावं म्हणून जे कॅमेरे बसवतात, ते तिथे बनायचे. आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून गेटवर प्रत्येकाच्या फोनला, पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर, स्टिकर चिकटवत. आम्ही त्याला टिकली म्हणायचो. ती महिनाभर टिकवायची. सोलली की तिच्यावर लाल अक्षरं उमटायची. शेजारच्या काकांनी नातवाचा फोटो काढायला सोलली, तर आठ दिवस घरी बसले. बरं, फोन घरी ठेवावा तर गेटवर तब्येतीचं ॲप दाखवल्याशिवाय आत सोडत नसत.

त्यामुळे पप्पांची फर्स्ट शिफ्ट असली की मी अडाणी, आणि सेकंड शिफ्ट असली की मी विद्यार्थिनी. तीही बिनचेहऱ्याची.

"कॅमेरा ऑन करा," सर म्हणायचे.

"ऑन आहे सर. वर कंपनीचं स्टिकर आहे."

"कुठल्या कंपनीत असता आपण?"

पोरं हसायची. एका मुलीच्या मागे पडदा आणि कुंडी दिसायची, तिला सर म्हणायचे, अभ्यासाला किती छान वातावरण आहे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अजूनही जाते, खोटं कशाला बोलू.

मग तोंडी परीक्षेची सूचना आली. चेहरा दिसला नाही तर गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे वर्ष वाया. आमच्या खोल्यांच्या ओळीत कुणाचा फोन मागावा, तर सगळे कंपनीवाले, सगळ्यांच्या फोनला टिकल्या. घरमालकाचा फोन तेवढा मोकळा होता. "फोन कुनाला देत न्हाई आमी," म्हणाले. दिवसभर त्यावर कीर्तन ऐकायचे.

मी कॉलेजला फोन करून टिकलीची अडचण सांगितली. ते म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. पप्पांनी गेटवर विचारलं, एक दिवस टिकली काढू का, पोरीची परीक्षा आहे. गार्ड म्हणाला, "भाऊ, कॉलेजचं लेखी आणा." दोन्हीकडची माणसं नियमाला फार पक्की.

परीक्षेच्या सकाळी पप्पांनी फोन मांडीवर घेतला आणि पुढची टिकली नखानं सोलली. लाल अक्षरं आली. मी म्हणाले, "राहू द्या पप्पा, पुढच्या वर्षी देईन." मनातून मला ती निघायलाच हवी होती.

"गप बस, केस विंचर," ते म्हणाले.

आईनं मागे भिंतीवर धुतलेली चादर लावली. माझा नंबर आला. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे, त्यांचा स्वतःचा कॅमेरा बंद. काळ्या चौकोनात नावाचं एक अक्षर, बाकी काही नाही. एक प्रश्न विचारला, मी उत्तर पुरं करायच्या आत म्हणाले, "ठीक आहे, दिसलात. नेक्स्ट." दीड मिनिटही झालं नसेल. मला रडूही येईना.

पप्पा दुपारी शिफ्टला गेले आणि चारच्या आत परत आले. डबा तसाच भरलेला होता. आईनं विचारलं, किती दिवस. "ठेकेदार कळवतो म्हणाला," म्हणाले आणि उंबऱ्यात बसून बूट काढायला लागले. मी पाणी दिलं.

"दिसलीस ना त्यांना?"

"दिसले."

"नीट?"

"नीट दिसले पप्पा."

ते पाणी प्यायले. चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं झालं.

"कसे होते गं सर दिसायला?"

"वयस्कर होते," मी म्हणाले. "चष्मा होता. स्वभावानं चांगले वाटले."